खांद्यावरचं फूल

सोपाऱ्याच्या स्तूपात फुलं निघाली होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याजवळचा, गावकरी 'बुरूड राजाचा कोट' म्हणत असत तो उंचवटा खणला, तेव्हा विटांच्या पोटात एक दगडी पेटी लागली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा लहानसे तुकडे होते, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. या साऱ्यासोबत सोन्याची फुलं. हा ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

अभ्यासकांचं लक्ष साहजिकच तिथे मिळालेल्या सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या चांदीच्या नाण्याकडे जातं, कारण नाण्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. मूर्तींवर पानंच्या पानं लिहिली जातात. फुलांच्या वाट्याला एखादी ओळ येते. माझं मन त्या ओळीत अडकलं. पूज्य माणसाला फूल कुणीही वाहतं. पण पुन्हा न उघडण्यासाठी बंद करायच्या पेटीत ठेवायला न कोमेजणारं फूल घडवत बसायचं, हा उद्योग वेगळा. त्या सोनाराला मजुरी मिळाली असेल, नसेल. फूल मात्र विकण्यासाठी नव्हतं.

हा लेख त्यामानाने फारच लहान फुलाविषयी आहे. आईच्या वाढदिवसाला, बाबांच्या एकसष्टीला मुलामुलींनी घरी बसून काचेच्या बारीक मण्यांचं केलेलं, पदराला किंवा कोटाला टाचायचं फूल. बाजारात त्याला ब्रोच म्हणतात. असं फूल करायला लागणारं जवळजवळ सगळं कसब पालघर-बोईसरच्या पट्ट्यात आधीपासून आहे. ते वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या दरांवर विखुरलेलं आहे, एवढंच.

आधी खऱ्या फुलांचं बघू. वसई-विरारपासून वर पालघरपर्यंतच्या वाड्यांमधून मोगरा, नेवाळी, सोनटक्का, चाफा पहाटेच्या गाड्यांनी दादरच्या फुलबाजारात जातो. अलीकडच्या काळात जव्हार-विक्रमगडच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला आणि त्या कळ्याही त्याच बाजाराची वाट चालू लागल्या. १६ एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली, तशी ही सारी स्टेशनं मुंबईच्या आणखी हाताशी आली. मोगऱ्याचा व्यवहार घड्याळावर चालतो. कळी उमलायच्या आत खुडायची, उन्हं चढायच्या आत विकायची. दुपारनंतर त्याच टोपलीला गिऱ्हाईक मिळत नाही. ज्या भागात फुलाची किंमत तासातासाला उतरते, तिथल्या माणसाला न सुकणाऱ्या फुलाचं अप्रूप वाटलं तर नवल नाही.

न सुकणारी फुलं करणारे हातही जवळच आहेत. तारापूरची खाडी ओलांडली की चिंचणी. दक्षिणेला पालघर तालुका, उत्तरेला डहाणू. दक्षिणेच्या बाजूला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, ज्याची व्यावसायिक वीजनिर्मिती २८ ऑक्टोबर १९६९ ला सुरू झाली, आणि बोईसरची औद्योगिक वसाहत: रसायनं, औषधं, कापड, पोलाद. उत्तरेच्या बाजूला, चिंचणीपासून वरोर-वाढवणपर्यंतच्या गावांत, घराच्या पडवीत किंवा माडीवरच्या खोलीत बसून माणसं दागिन्यांच्या डाय कोरतात. इथे या धंद्याला 'डायमेकिंग'च म्हणतात, आणि करणाऱ्याला 'डायमेकर'. झवेरी बाजारातल्या सोनाराच्या हाताखाली जे कानातलं, जी मंगळसूत्राची वाटी, जे हारातलं फूल पत्र्यातून उठून येतं, त्याचा साचा अशा एखाद्या खोलीत कोरलेला असण्याची शक्यता मोठी असते.

काम दिसायला शांत, करायला जीवघेणं. पोलादाचा तुकडा मऊ करून घ्यायचा, घासून आरशासारखा सपाट करायचा, त्यावर नक्षी आखायची आणि मग छिन्नी, कानस, हातोडी घेऊन डोळ्याला भिंग लावून कोरत जायचं. दागिन्यात जे वर उचललेलं दिसणार ते इथे खोल न्यायचं. पाकळीची शीर उठून दिसायला हवी तर तिची घळ पाडायची. सगळं उलटं. कोरून झालं की डाय तापवून पाणी पाजायचं, म्हणजे पोलाद पुन्हा कडक होतं आणि हजारो ठोके सोसतं. डायमेकर फूल बनवतो खरा, पण ते सुलट पाहणारा पहिला माणूस सोनार असतो.

हा गृहोद्योग इथे इतका टिकला, यामागे कारागिरांच्या चिकाटीइतकाच एका सरकारी कागदाचाही हात असावा, असं माझं मत आहे. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. घातक उद्योगांना बंदी आली आणि उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, अशी मर्यादा पडली. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणही नेमलं गेलं. खाडीच्या अलीकडे धुराडी वाढली. पलीकडे चिकूच्या वाड्या, मासेमारी आणि घरबसल्या करायची कामं राहिली. संगणकावर चालणारी कोरकामाची यंत्रं आल्यापासून हाताच्या कामाला धाप लागली आहे. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात मच्छीमार आणि बागायतदारांच्या बरोबरीने डायमेकरही उभे राहिले, ते आपला धंदा या किनाऱ्याशी बांधलेला आहे म्हणून. त्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं.

डाय एकदा उतरली की एकाच फुलाच्या हजार प्रती निघतात. तिचं मोलच त्यात आहे. मण्यांच्या फुलाचं तसं नाही. त्याला साचा नसतो, आणि दुसरं करायला घेतलं तरी ते पहिल्यासारखं होत नाही.

आता मणी. चिंचणीला १९५५ साली सापडलेले ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहेत. त्यातला शक ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. मधुमती हे मोहम्मदचं संस्कृत रूप. त्याने नदीवर फुकट तरीची सोय केली, अन्नसत्र चालवलं. संजाण आज गुजरातच्या हद्दीत, तलासरीच्या पलीकडे. २००२ ते २००४ या काळात तिथे उत्खनन झालं, त्यात काचेची भांडी आणि काचेचे मणी मिळाले. समुद्रावरून काच येणं आणि जाणं इथल्या किनाऱ्याला हजार वर्षांपासून परिचयाचं आहे.

काचेचा बारीक मणी करण्याची भारतीय रीत त्याहून जुनी. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढायची, ती कापायची, तुकडे पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करायच्या. दक्षिण भारतातल्या अरिकामेडूपासून आग्नेय आशियापर्यंत सापडणाऱ्या अशा मण्यांना पीटर फ्रान्सिस या अभ्यासकाने 'इंडो-पॅसिफिक' असं नाव दिलं. आंध्रात तिरुपतीजवळच्या पापानायडुपेटला ती रीत विसाव्या शतकातही चालू होती. आज भुलेश्वरच्या दुकानात किलोवर मिळणारा देशी मणी बहुधा उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरच्या भट्ट्यांमधून येतो. चेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्सचा मणी अधिक सुबक, आणि जपानमध्ये हिरोशिमा प्रांतात होणारा मणी इतका एकसारखा की त्यातला कुठलाही उचला. पुडीवर ८, ११, १५ असे आकडे असतात. आकडा चढला की मणी लहान. ११ नंबरचा साधारण २ मिलिमीटरचा, एका ग्रॅममध्ये शंभरेक बसतात. शिकाऊ माणसाने जपानी मण्याच्या मोहात पडू नये, असं मी सांगेन. देशी पुडीत जाडे-बारीक मणी मिसळलेले असतात. जाडे पाकळीच्या मध्यावर, बारीक टोकाशी, अशी निवड करता आली की पाकळी जिवंत दिसते.

मण्यांचं काम आपल्या घरांना नवं नाही. काळी पोत प्रत्येक घरात ओवली आणि गाठवली गेली आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चाळींमधून दारावर मण्यांचं तोरण, शोकेसमध्ये मण्यांचा पोपट नाहीतर द्राक्षांचा घड आणि खुंटीला वायरची पिशवी, असा थाट असे. चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची जत्रा भरते, तिथे रंगीत मण्यांच्या माळा घेतल्याशिवाय कितीतरी वारली पोरी घरी परतत नाहीत. तारेवर मणी ओवून पाकळ्या करण्याची रीत मात्र युरोपातली. व्हेनिसमध्ये आणि फ्रान्समध्ये अशी फुलं चर्चच्या वेदीसाठी आणि थडग्यांवरच्या पुष्पचक्रांसाठी होत. थडग्यावर ऊनपावसात टिकायला हवीत म्हणून काच आणि तार. म्हणजे सोपाऱ्याच्या पेटीतल्या फुलांचं कारण तिथेही होतंच. पुढे हौशी बायकांनी ती रीत फुलदाणीत आणली, पुस्तकं निघाली आणि अमेरिकेत साठच्या दशकात तिची लाट आली.

व्हेनिसची एक गोष्ट मात्र पुस्तकांच्या चित्रांत येत नाही. तिथे मणी ओवणाऱ्या बायकांना 'इंपिरारेसे' म्हणत. लाकडी परातीत मणी घेऊन, लांब सुयांचा पंखा हातात धरून, दाराबाहेर खुर्च्या टाकून त्या दिवसभर सुया मण्यांत खुपसत बसत. काम घरचं, मणी कारखान्याचे, मजुरी मापावर. युनेस्कोने २०२० साली इटली आणि फ्रान्सच्या काचमण्यांच्या कलेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या बायकांची मजुरी काय होती याची चर्चा फारशी झाली नाही.

ती खुर्ची आपल्याकडेही आहे. खुर्ची म्हणण्यापेक्षा चटई. मालाडच्या इमिटेशन बाजाराचा माल नालासोपारा-विरारच्या चाळींत ओवायला, चिकटवायला, डबीत भरायला जातो. मजुरी डझनावर किंवा ग्रोसवर. ग्रोस म्हणजे १४४ नग. शाळेतून आलेली मुलगी दप्तर टाकून आईच्या शेजारी बसते आणि दोघींचे हात मिळून रोजचा हिशेब पुरा होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. मण्यांचं काम 'हौस' म्हणून मासिकात छापताना ही चटई डोळ्यांपुढे असावी. आणि अशा घरातली मुलगी ठेकेदाराच्या पुड्या बाजूला सारून, स्वतःच्या पैशाने आणलेल्या दहा ग्रॅम मण्यांतून आईसाठी एक फूल करते, तेव्हा ती तेच काम, त्याच बोटांनी, पहिल्यांदा दराशिवाय करते. या फुलाविषयी मला म्हणायचं आहे ते एवढंच आहे, बाकीचा लेख त्याचा तपशील.

ब्रोच हा दागिना आपला नाही. ग्रीक-रोमनांची वस्त्रं खांद्यावर टाचलेली असत म्हणून त्यांना टाचणी लागली आणि टाचणीचा दागिना झाला. आपण वस्त्र गुंडाळतो, खोचतो, गाठ मारतो. काष्टा घातलेल्या नऊवारीचा पदर कमरेला खोचला की काम करायला दोन्ही हात मोकळे. तिथे टाचायला काहीच उरत नाही. पदर खांद्यावर पुढून मागे सोडून तो तिथेच राहावा असं वाटू लागलं, तेव्हा ब्रोच आलं. मुंबईत ते पारशी घरांमधून दिसू लागलं. सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीनिमित्त मुंबई इलाख्यात आले तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी पारशी बायकांची ही नेसण पाहिली, आपल्या पद्धतीने बदलून बंगालमध्ये नेली, आणि खांद्यावरचं ब्रोच त्या नेसणीबरोबर गेलं. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागा लावणाऱ्या पारशी-इराणी कुटुंबांमुळे आपल्या भागातल्या लोकांनी हे ब्रोच जवळून पाहिलं. बाकीच्यांकडे आली ती सेफ्टी पिन. अमेरिकेतल्या वॉल्टर हंटने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. आपल्या आयांच्या मंगळसूत्रात अडकवलेल्या पिनांचा झुबका हा त्या व्यवहाराचा खरा नफा.

आईला काही द्यायचं म्हटलं की आपल्याकडे एक अडचण येते. आपल्या रिवाजात देण्याचा उतार वरून खाली आहे. आईने लेकीची ओटी भरायची, सासूने अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लेकीच्या घरचं घेणं जुन्या पिढीला जड जाई. नातवंड होईपर्यंत जावयाच्या घरी पाणीसुद्धा न पिणारे आईबाप आपल्यापैकी अनेकांच्या घरात होऊन गेले. श्रावणातली पिठोरी अमावास्या आपला मातृदिन. त्या दिवशीही नैवेद्य डोक्यावर धरून 'अतीत कोण?' असं विचारते आई, आणि 'मी' म्हणून खीरपुरी घेतात मुलं. स्वतःच्या दिवशीही देणारी तीच. पगारातून आणलेली साडी दिली की पहिला प्रश्न येतो, 'कितीची गं?' आणि दुसरं वाक्य, 'कशाला एवढा खर्च केलास?' हाताने केलेल्या वस्तूला हे दोन्ही लागू पडत नाहीत. म्हणून ती घेताना आई थोडी गोंधळते, आणि तो गोंधळ पाहण्यासारखा असतो.

मे महिन्यातल्या मदर्स डेला आपण बाजारू म्हणून नाक मुरडतो, पण त्याची सुरुवातही छातीवरच्या फुलापासूनच झाली होती. अ‍ॅना जार्विस या अमेरिकन बाईने १९०८ साली ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये आईच्या स्मरणार्थ प्रार्थना ठेवली आणि ५०० पांढरी कार्नेशन पाठवली, कारण ती तिच्या आईची आवडती फुलं. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सननी तो दिवस देशभर जाहीर केला. मग फुलवाल्यांनी भाव चढवले, छापील कार्डांचा धंदा फोफावला, आणि अ‍ॅना जार्विसने उरलेलं आयुष्य त्याच दिवसाच्या व्यापाराशी भांडण्यात घालवलं. विकत घेतलेल्या फुलांवर तिचा एवढा राग का होता, हे मण्यांची पहिली पाकळी वळताना कळू लागतं.

तर आता पाकळी. मी आईसाठी देवचाफा निवडला. गुलाब करायला अवघड आणि मोगरा पिनेवर लहान दिसतो. चाफ्याच्या पाच पाकळ्या, पोटात पिवळ्या आणि कडेला पांढऱ्या, पदरावर सपाट बसतात. देवळाच्या आवारातलं हे झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं आहे, हे आईला सांगू नका. तिला पटणार नाही.

तार कुठे मिळते? हस्तकलेच्या दुकानात रंगीत तारेचं छोटं रीळ महाग पडतं. बोईसरसारख्या कारखान्यांच्या गावात दुसरी सोय आहे: मोटार रिवाइंडिंगचं दुकान. वाइंडिंगची तांब्याची तार इनॅमल चढवलेली असते, वजनावर मिळते आणि हवी तितकी मऊ असते. गेज मात्र नीट सांगायला हवं. दुकानात चालतं ते एसडब्ल्यूजी, आणि परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं अमेरिकन गेज. पुस्तकातलं २६ म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, दुकानदाराकडे त्याच्या जवळचं माप २७ नंबरचं. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे चाफ्यासाठी तार मागितली की तो आधी चकित होतो आणि मग स्वतःहून मऊ रीळ शोधून देतो.

रिळावरून तार न तोडता तिच्या टोकाने मणी ओवायचे. इथे चिंचणीची आठवण होते, कारण इथेही सगळं उलटं: शेवटी लागणारा मणी आधी ओवायचा. ओवून झाल्यावर तारेच्या टोकाला छोटी गाठ वळायची, नाहीतर मणी घरभर होतात आणि पुढचे आठ दिवस केरात सापडत राहतात. मधल्या दांडीला सहा पिवळे मणी. दांडीच्या खाली तारेचा एक फास. मग मण्यांची तार दांडीच्या एका अंगाने वर न्यायची, वरच्या टोकाला एक पूर्ण वेढा द्यायचा, दुसऱ्या अंगाने खाली आणून फासाशी पुन्हा वेढा. ही पहिली फेरी, दोन्ही बाजूंना आठ-आठ मण्यांची. दुसरी फेरी अकरा-अकरा मण्यांची, आणि ती सगळी पांढरी. वेढा नेहमी एकाच बाजूने द्यायचा, म्हणजे पुढचा भाग गुळगुळीत राहतो आणि तारेचे वळसे मागे पडतात. वेढा काटकोनात घेतला तर पाकळीचं टोक गोल येतं, तिरका घेतला तर टोकदार. चाफ्याला गोल हवं. एका पाकळीला ४४ मणी, पाच पाकळ्यांना २२०, म्हणजे वजन जेमतेम दोन ग्रॅम. खऱ्या चाफ्याची प्रत्येक पाकळी शेजारणीवर चढलेली असते, सगळ्या एकाच दिशेने. जोडताना तो कल धरला नाही तर चाफ्याची सदाफुली होते.

पाच देठ एकत्र पिळून मागे दुमडायचे आणि जाड फेल्टच्या चकतीवर टाके घालून बसवायचे. पिन शिवायची ती चकतीच्या मध्यावर नाही, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात. मध्यावर लावली तर फूल पदरावर पुढे मान टाकतं. पिनेवर दुसरी चकती, कडेने टाके. तारेची कापलेली टोकं आत दडली पाहिजेत, कारण पैठणीच्या धाग्याला एक टोक पुरतं. रेशमी पदराच्या एकाच थरात पिन खुपसू नये. घडी आणि ब्लाउज मिळून धरावं, मागे फेल्टचा छोटा तुकडा ठेवावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाऱ्या हवेत साधी लोखंडी पिन पहिल्या पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा डाग साडीवरून जात नाही. स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. चांदीचा मुलामा दिलेला मणी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सगळ्यात वर होती; तिथल्या माणसाला हवा काय करू शकते हे वेगळं सांगायला नको. घट्ट पांढऱ्या आणि पिवळ्या काचेचा रंग आतपर्यंत काचेचाच असतो, त्याला काही होत नाही. प्लास्टिकचा पांढरा मणी मात्र दोन-तीन वर्षांत पिवळा पडतो.

लहान मुलांना हे तारेचं काम जमत नाही, आणि जमवायचा हट्टही धरू नये. त्यांच्यासाठी वेगळी वाट याच जिल्ह्यात कधीची घालून दिलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मॉन्टेसोरीच्या पद्धतीत मणी मोठ्या मानाचा. सोनेरी मण्यांच्या माळांवरून मूल एकक, दशक, शतक हाताने शिकतं. पण ती साधनं महाग. कोसबाडच्या वारली पाड्यांत ती परवडणारी नव्हती, शोभणारीही नव्हती. म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं ही साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात गेली, गुरांमागे गेलं तर कुरणात गेली. सरकारची अंगणवाडी १९७५ ची. तिचं नाव आणि तिची कल्पना इथल्या अंगणांतून गेली आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. बी ओवण्याने बोटांची चिमूट घडते आणि तीच चिमूट पुढे पेन्सिल धरते, हे त्यांच्या शिक्षणात गृहीत होतं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाने आईसाठी फूल करायचं तर पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर डिंकाने बसवलेल्या बिया आणि मागे पिन, एवढं पुरे. रानजोंधळ्याच्या, म्हणजे कसईच्या दाण्याला निसर्गतःच आरपार भोक असतं, तो दोऱ्यातही सहज जातो. चिंचोके, सीताफळाच्या बिया, काकडीच्या बिया चालतात. गुंज मात्र नको. लाल-काळी गुंज सोनाराच्या तराजूत कितीही मानाची असली तरी फुटून पोटात गेली तर जीव घेऊ शकते, आणि भोक पाडताना ती फुटतेच.

बाबांचं काय? त्यांच्या खांद्यावर पदर नाही. कोटाच्या कॉलरला लावायचं तर फूल अर्ध्या आकाराचं करावं, तीन पाकळ्यांची कळीसुद्धा छान दिसते. नेहरूंच्या गुलाबामुळे पुरुषाच्या छातीवरचं फूल आपल्या डोळ्यांना खटकत नाही. तरी बहुतेक बाबा ते लग्नापुरतं लावतात आणि नंतर चष्म्याच्या घरात ठेवतात.

आयांची तऱ्हा वेगळी. त्या फूल उलटसुलट करून टाके तपासतात, मणी किती असतील विचारतात, शेजारच्या काकूंना दाखवून येतात आणि मग मऊ कापडात गुंडाळून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवून देतात, चांगल्या प्रसंगासाठी. तो प्रसंग काही येत नाही. यावर मला सापडलेला उपाय एवढाच की दहा ग्रॅमच्या पुडीत चार फुलांचे मणी असतात, तेव्हा सुरुवातीलाच दोन फुलं करावीत. एक त्यांना ठेवायला द्यावं, आणि दुसरं स्वतःच्या हाताने त्यांच्या पदराला लावून त्यांना बाजारात घेऊन जावं.